मोठ्या ‘स्टॉल’चा मोह, गिअरबॉक्सला ताप

नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेला मराठी अभियंता पहिली काही वर्षे इमानेइतबारे टोयोटा किंवा होंडा चालवतो. मग केव्हातरी ग्रीन कार्ड हाती येते, दोन गाड्यांच्या गॅरेजचे घर होते आणि त्या गॅरेजमधली दुसरी जागा रिकामी दिसू लागते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मामेभावाच्या बाबतीत नेमके हेच घडले. डेट्रॉइटच्या उपनगरात राहणाऱ्या या गृहस्थाने २००१ सालची शेवरोले कॅमारो झेड-२८ विकत घेतली. ५.७ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन, चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि भडक लाल रंग. वय झाले असले तरी गाडी खणखणीत होती. सिग्नल सुटल्यावर ती हवी तशी झेपावत नाही, एवढीच त्याची तक्रार होती.

मित्रमंडळींचा सल्ला तयारच होता : टॉर्क कन्व्हर्टर बदल, मोठ्या ‘स्टॉल’चा टाक. त्याने शर्यतीच्या एका कॅमारोतून काढलेला, ‘४,००० स्टॉल’ अशी चिठ्ठी लावलेला कन्व्हर्टर स्वस्तात मिळवला आणि बसवून घेतला. पहिल्या शनिवारी मागचे टायर धुराळले, घरच्यांनी चित्रफीत काढली. पुढे डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला, त्याकडे दुर्लक्ष झाले. ऑगस्टचा उकाडा आणि महामार्गावरची रोजची ये-जा सुरू होती. अकराव्या आठवड्यात तिसऱ्या गिअरने अंग काढून घेतले. तेलाची पट्टी बाहेर काढली तेव्हा तिच्यावर लालसर तेलाऐवजी काळपट, करपट वासाचा द्रव होता. गिअरबॉक्स उघडून पुन्हा बांधून घ्यायला अडीच हजार डॉलर लागले.

‘‘दादा, आकडा जरा जास्तच मोठा घेतला का रे मी?’’ असे त्याने फोनवर विचारले. प्रश्न रास्त होता. पण त्याआधी हा आकडा नेमका कशाचा, हे विचारायला हवे होते. ते त्याला विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते.

पंख्यासमोर पंखा

क्लच असलेल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांची गाठ एका कोरड्या तबकडीने पडते आणि चालक पायाने ती सोडवतो. ऑटोमॅटिक गाडीत हे काम तेल करते. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. दुसरा धरून ठेवला, तरी पहिला बंद पडत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असेच दोन पंखे तेलाने भरलेल्या, चपट्या भोपळ्याच्या आकाराच्या पोलादी डब्यात बसवलेले असतात. इंजिनाला जोडलेला तो पंप आणि गिअरबॉक्सला जोडलेले ते टर्बाइन. म्हणूनच गाडी गिअरमध्ये असताना नुसत्या ब्रेकवर उभी राहते आणि इंजिन चालूच राहते.

एवढेच असते, तर हा केवळ द्रवाचा जोड झाला असता. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांमध्ये आलेल्या ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्समध्ये तसा साधा जोडच होता. कन्व्हर्टरची खरी करामत त्याच्या तिसऱ्या भागात, म्हणजे स्टेटरमध्ये आहे. टर्बाइनवर आदळून परतणारे तेल उलट्या दिशेने पंपाच्या वाटेत येते. स्टेटरची वळणदार पाती ते वळवतात आणि पंपाच्या फिरण्याच्याच दिशेने पुन्हा सोडतात. त्यामुळे गाडी सुटण्याच्या क्षणी इंजिनाने दिलेल्या टॉर्कच्या, म्हणजे पिळाच्या ताकदीच्या, साधारण दुप्पट टॉर्क गिअरबॉक्सला मिळतो. अर्थात, फुकट काहीच मिळत नाही. टॉर्क वाढतो तेव्हा फेरे घटतात आणि मधल्या मधली बरीच शक्ती तेल तापवण्यात जाते. गाडीने वेग घेतला, की दोन्ही पंख्यांचे फेरे जवळजवळ सारखे होतात, स्टेटर आपल्या एकेरी क्लचवर मोकळा फिरू लागतो आणि ही वाढ संपते.

मूळ कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. श्टेटिनच्या व्हल्कन जहाज कारखान्यात काम करताना त्यांनी १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. जहाजाचे वाफेचे टर्बाइन भरधाव फिरते आणि पाण्यातला पंखा संथ फिरावा लागतो. या दोघांचा मेळ घालणे हा त्यांचा हेतू होता. अमेरिकी मोटारीत ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आणली ब्यूकने, १९४८ च्या ‘डायनाफ्लो’मधून. त्यात गाडी चालू असताना गिअर आपोआप बदलतच नसत, सारा भार कन्व्हर्टरवर होता. परिणामी गाडी लोण्यासारखी सुटे, पण रमतगमत.

आकडा कोणाचा?

आता त्या चिठ्ठीवरच्या आकड्याकडे येऊ. गाडी गिअरमध्ये आहे, ब्रेक घट्ट दाबलेला आहे, टर्बाइन हलू शकत नाही, अशा स्थितीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर इंजिनाचे फेरे एका मर्यादेपर्यंत चढतात आणि तिथे थांबतात. तेलाचा अडथळा आणि इंजिनाचा जोर तिथे बरोबरीत सुटतात. त्या फेऱ्यांना ‘स्टॉल स्पीड’ म्हणतात. कारखान्यातून आलेल्या साध्या गाडीत हा आकडा बहुधा मिनिटाला १,६०० ते २,००० फेऱ्यांच्या आसपास असतो. हौशी गाड्यांमध्ये तो अडीच ते साडेतीन हजारांवर नेला जातो. निव्वळ शर्यतीच्या गाड्या पाच हजारांच्याही पुढे जातात.

व्याख्येतच मेख आहे. या लढतीत दोन पक्ष आहेत, एक कन्व्हर्टर आणि दुसरे इंजिन. मग आकडा एकट्या कन्व्हर्टरचा कसा असेल? अभियंते प्रत्येक कन्व्हर्टरला एक गुणांक देतात आणि त्याला इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाने गुणतात. उदाहरणादाखल १७० गुणांकाचा एक कन्व्हर्टर घेऊ. कॅमारोच्या इंजिनाने त्या फेऱ्यांना ३२४ फूट-पौंड टॉर्क दिला असे धरले, तर वर्गमूळ १८ आणि स्टॉल ३,०६०. तोच कन्व्हर्टर १४४ फूट-पौंडांच्या लहान चार सिलिंडरी इंजिनामागे लावला, तर वर्गमूळ १२ आणि स्टॉल केवळ २,०४०. आणि ४८४ फूट-पौंडांच्या दांडग्या इंजिनामागे गेला, तर स्टॉल ३,७४०. वस्तू एकच, आकडे तीन! त्यामुळे कोणत्या इंजिनामागे मोजला हे न सांगता नुसता ‘४,००० स्टॉल’ म्हणणे म्हणजे कोणाच्या पायाला, हे न सांगता चप्पल ‘सैल बसते’ म्हणण्यासारखे आहे.

दुसरी एक गंमत अशी, की ताकदवान इंजिन ब्रेकला जुमानत नाही. स्टॉल गाठण्याआधीच मागची चाके ब्रेक असूनही फिरू लागतात. म्हणून जाणकार ब्रेकवर मोजलेला आकडा आणि गाडी मोकळी सोडून एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर फेरे उसळी मारतात तो आकडा, असे दोन वेगळे मोजतात. दुसरा पहिल्यापेक्षा बराच मोठा निघू शकतो. काही विक्रेते मोठा तेवढा सांगतात.

आकडा वाढवायचा तो कशाने? मुख्यतः व्यास कमी करून आणि पात्यांचे, विशेषतः स्टेटरच्या पात्यांचे, कोन बदलून. कॅमारोतला मूळ कन्व्हर्टर सुमारे बारा इंच व्यासाचा असतो, हौशी मंडळी साडेनऊ-दहा इंचांचा घेतात, शर्यतवाले आठ-नऊ इंचांवर येतात. डबा लहान झाला, की त्याची तेलावरची पकड कमी होते आणि तो इंजिनाला अधिक मोकळे सोडतो. जनरल मोटर्सने १९६५ ते १९६७ या काळात ब्यूक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकच्या काही गिअरबॉक्सांमध्ये चालत्या गाडीत स्टेटरच्या पात्यांचा कोन बदलण्याची सोय दिली होती. गरजेनुसार कधी घट्ट, कधी सैल. ही देखणी युक्ती टिकली नाही याचे वाईट वाटते.

गिअरचा हिशेब

मोठ्या स्टॉलचा फायदा खोटा नाही, हे आधी मान्य करायला हवे. कॅमारोच्या या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास मिळतो. मूळ कन्व्हर्टर त्याला १,८०० च्या आसपासच जखडून ठेवतो, म्हणजे गाडी सुटते तेव्हा इंजिन अर्धवट झोपेत असते. कन्व्हर्टर सैल केला, की इंजिन एकदम आपल्या बळकट टापूत येते. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीत एवढ्या एका बदलाने सेकंदाचे काही दशांश वाचतात, आणि तिथे जय-पराजय त्याच दशांशांवर ठरतो.

मग किती सैल? उत्तर गिअरबॉक्समध्येच दडलेले आहे. या गाडीच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.०६ गुणोत्तराचा, दुसरा १.६३ चा आणि तिसरा थेट १ चा आहे. इंजिन सहा हजार फेऱ्यांवर असताना पहिल्याचा दुसरा पडला, तर गणिताने फेरे सुमारे ३,२०० वर येतात. दुसऱ्याचा तिसरा पडला तर सुमारे ३,७०० वर. स्टॉल तीन हजारांच्या आसपास असेल, तर गिअर पडल्यावर इंजिन बळकट टापूच्या खाली घसरत नाही आणि कन्व्हर्टरची पकडही सुटत नाही. स्टॉल चार हजारांचा असेल, तर प्रत्येक गिअरनंतर कन्व्हर्टर नुसता घसरत राहतो. आवाज मोठा होतो, काटा वर जातो, गाडी मात्र त्या मानाने पुढे सरकत नाही. मूळ इंजिन कायम ठेवलेल्या कॅमारोवाल्यांचा कल २,८०० ते ३,२०० कडे असतो, त्यामागे हा हिशेब आहे.

मामेभावाने घेतलेला कन्व्हर्टर ज्या गाडीतून निघाला, तिचे इंजिन त्याच जातीचे होते. पण त्याचा कॅमशाफ्ट बदललेला होता. झडपा अधिक वेळ उघड्या ठेवणाऱ्या कॅमशाफ्टने इंजिनाचा बळकट टापू वर सरकतो आणि खालच्या फेऱ्यांना इंजिन लंगडते. त्याला चार हजारांची गरज होती. ‘शेजाऱ्याला मानवलेले औषध’ हा प्रकार मोटारींतही तितकाच घातक आहे.

गाडीचे वजन, टायरची उंची आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर यांचाही यात वाटा असतो. जड गाडीत तोच कन्व्हर्टर अधिक वेळ घसरतो. या कॅमारोला कारखान्यातून २.७३ चे गुणोत्तर येत असे आणि जादा पैसे मोजल्यास ३.२३ चे. आकडा जितका लहान, तितका चाके हलवायला इंजिनाला जोर अधिक लावावा लागतो आणि सैल कन्व्हर्टर तितका जास्त तापतो. याउलट, जुन्या ‘पॉवरग्लाइड’सारख्या दोनच गतींच्या गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर अवघा १.७६ चा असतो. तिथे सुटण्याचा बराचसा भार कन्व्हर्टरलाच उचलावा लागतो, म्हणून शर्यतवाले त्याला मोठ्या स्टॉलचा जोडीदार देतात. १९५० मध्ये आलेला आणि १९७३ मध्ये बंद झालेला हा गिअरबॉक्स सरळ शर्यतींत अजून मानाने वापरला जातो.

सत्तर गिझर

आता त्या करपलेल्या तेलाकडे. गाडी स्टॉलवर उभी असते तेव्हा चाकांकडे काहीच जात नाही, म्हणजे इंजिनाची सगळी शक्ती तेलात उतरते. वरच्या उदाहरणातले ३२४ फूट-पौंड आणि ३,०६० फेरे यांचा गुणाकार सुमारे १४० किलोवॉट होतो. आपल्या न्हाणीघरातला दोन किलोवॉटचा गिझर डोळ्यांसमोर आणा; असे सत्तर गिझर आणि समोर सारे मिळून दहा-अकरा लिटर तेल! स्टॉलची चाचणी पाच सेकंदांहून अधिक करू नये, असे गिअरबॉक्सच्या पुस्तिका बजावतात ते उगाच नाही.

शर्यत मात्र काही सेकंदांची असते. मामेभावाचा गिअरबॉक्स शर्यतीत नव्हे, महामार्गावर गेला. कारखान्यातल्या कन्व्हर्टरमध्ये एक छोटा क्लच असतो, तो वेगात असताना पंप आणि टर्बाइन यांना घट्ट जखडतो. पॅकार्डने १९४९ मध्येच ही सोय दिली होती. शर्यतीच्या त्या कन्व्हर्टरमध्ये हा क्लच नव्हता. पिवळा दिवा त्याचीच तक्रार करत होता. संगणक ‘जखडा’ म्हणत होता आणि जखडायला काही नव्हते. ३.२३ च्या डिफरन्शियलवर ताशी ९७ किलोमीटरला, शेवटच्या गिअरमध्ये, जखडलेल्या कन्व्हर्टरने इंजिन सुमारे १,७५० फेरे घेते. त्याचा काटा २,२०० च्या आसपास असे. याचा अर्थ इंजिनाच्या शक्तीचा पाचवा हिस्सा रोज दीड तास निव्वळ तेल तापवत होता.

कार्यशाळांमध्ये एक जुना ठोकताळा आहे. गिअरबॉक्सचे तेल ८० अंश सेल्सिअसला सुखात असते आणि त्यापुढे दर ११ अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे ११३ अंशांवर ते एक अष्टमांश उरते. तेल गेले, की आतल्या क्लचच्या तबकड्या घसरू लागतात, घसरल्या की अधिक तापतात, आणि या जातीच्या गिअरबॉक्समध्ये पहिला बळी बहुधा तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या तबकड्यांचाच जातो.

हे वाचून ‘आम्हाला काय त्याचे’ असे पुण्या-मुंबईच्या वाचकाने म्हणू नये. कन्व्हर्टरचे ऑटोमॅटिक आपल्याकडेही घरोघरी आले आहे. २०२२ मध्ये आलेल्या मारुती ब्रेझाच्या ऑटोमॅटिक रूपात सहा गतींचा तसाच गिअरबॉक्स आहे. खंडाळ्याच्या घाटात वाहतूक खोळंबली असताना अनेक जण ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर अलगद पाय ठेवून गाडी चढावर तोलून धरतात. मागे घसरत नाही, पायही दमत नाही. आत मात्र गिझर चालू झालेला असतो. अशा वेळी ब्रेकच दाबावा. क्लच आपोआप हाताळणाऱ्या ‘एएमटी’ गाड्यांत तर या सवयीने थेट क्लचच घासतो.

दुसरी खेप

मामेभावाने या वेळी कन्व्हर्टर बांधून देणाऱ्या एका कारागिरालाच फोन लावला. ‘‘किती स्टॉलचा देऊ?’’ असे त्याने विचारलेच नाही. त्याने गाडीचे वजन विचारले, कॅमशाफ्ट मूळचा आहे का, डिफरन्शियल कितीचे, टायर किती इंचांचे, टर्बो बसवण्याचा बेत आहे का आणि आठवड्यातून किती मैल महामार्गावर जाता, हे विचारले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून तो म्हणे थोडा वेळ गप्प राहिला. चांगला विक्रेता ओळखण्याची ही खूण धरायला हरकत नाही. प्रश्न न विचारता पेटी पुढे करणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीसाठी बऱ्यापैकी कन्व्हर्टरला साधारण ६०० ते १,२०० डॉलर पडतात, बसवण्याची मजुरी वेगळी.

ठरला तो सुमारे २,८०० स्टॉलचा, जखडणारा क्लच असलेला कन्व्हर्टर. सोबत रेडिएटरच्या पुढे बसणारा तेलाचा स्वतंत्र कूलर आणि तापमान दाखवणारा एक काटा. या काट्याला लोक चैन समजतात. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते सारा खर्च बाजूला ठेवला, तरी कूलर आणि काटा यांना कात्री लावू नये. इंजिनाच्या संगणकातही बदल करून घ्यावा लागला. कारण कन्व्हर्टर कधी जखडायचा आणि गिअर केव्हा टाकायचा, हे त्यात जुन्या कन्व्हर्टरच्या हिशेबाने लिहिलेले होते.

बसवण्याचे काम वरवर सोपे दिसते आणि तिथेच अनेकांचा घात होतो. नव्या कन्व्हर्टरमध्ये आधी लिटरभर तेल ओतायचे, म्हणजे पहिल्या क्षणी तो कोरडा फिरत नाही. मग तो गिअरबॉक्सच्या तोंडाशी धरून फिरवत आत ढकलायचा. आतल्या दोन दांड्यांचे आणि तेलपंपाचे दाते, असे तीन टप्प्यांनी तो आत बसतो आणि प्रत्येक टप्प्याला हाताला ‘टक्’ असा धक्का जाणवतो. दोनच धक्के जाणवले आणि तिसरा बसला असेल असे समजून कोणी बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाला भिडवला, तर किल्ली फिरवताक्षणी तेलपंप फुटतो. गिअरबॉक्स इंजिनाला जोडल्यावर, पण कन्व्हर्टर पुढच्या पत्र्याला आवळण्यापूर्वी, दोहोंत तीन ते पाच मिलिमीटरची फट उरली पाहिजे. ती मुळीच नसेल तर तिथेच थांबून सारे पुन्हा सोडावे.

मामेभावाच्या गाडीत ती फट चार मिलिमीटर भरली. गाडी आता सिग्नलला पूर्वीपेक्षा चपळ सुटते, महामार्गावर काटा १,७५० वर येऊन स्थिरावतो आणि तेल ८५ अंशांच्या वर सहसा जात नाही. टायर मात्र पहिल्यासारखे धुराळत नाहीत, अशी त्याची नवी तक्रार आहे.